लेडीज फ्लॅट्स, पुरुषांच्या पायात: नागपुरात काय घ्यावं, काय टाळावं

रोज घालायला एकच जोड घ्यायचा असेल तर बेली (पावलाचा वरचा भाग उघडा ठेवणारा सपाट बूट) घेऊ नका, लेडीज लोफर (पावलावर वरपर्यंत येणारा, बिननाडीचा बूट) घ्या, आणि तोही खऱ्या चामड्याचा. बर्डी, सदर, धरमपेठ, महाल कुठेही फिरलात तरी पुरुषाच्या पायात दिवसभर टिकेल असा लेडीज फ्लॅटमधला पहिला प्रकार हाच निघतो. बेली दिसायला सगळ्यात सुंदर, यात वाद नाही. पण ती पुरुषाच्या पायावर कुठे आणि का हरते हे माहीत असल्याशिवाय तिच्यावर पैसे घालू नयेत.

आधी नंबर. आपल्याकडे बहुतेक कंपन्यांचा लेडीज ८ म्हणजे युरोपियन ४१, आणि जेंट्सचा ७ म्हणजेही ४१. म्हणजे जेंट्समध्ये ७ घालणाऱ्याने लेडीजमध्ये ८ मागायचा. हा हिशोब कंपनीगणिक थोडा सरकतो, म्हणून डब्यावरचा युरोपियन नंबर बघावा आणि सेंटिमीटर छापलेले असतील तर तेच धरावेत. युरोपियन एक नंबर वाढला की लांबी पाऊण सेंटिमीटरला थोडी कमी, म्हणजे ६.६७ मिलिमीटर वाढते. ४१ नंबरात साधारण २६ सेंटिमीटरपर्यंतचं पाऊल बसतं. दुकानांत लेडीज माल बहुधा ४० किंवा ४१ ला संपतो. तुमचं पाऊल २६ च्या पुढे असेल तर तयार मालात फार फिरण्यात अर्थ नाही. ऑनलाइन ४२-४३ शोधा नाहीतर बनवून घ्या.

माप संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय फुगतात. कागदावर उभं राहून, दोन्ही पायांवर सारखं वजन ठेवून, पेन्सिल अगदी सरळ धरून पावलाची कड काढायची. दोन्ही पावलं सारखी नसतात; मोठं असेल तेच धरा. शिंप्याच्या टेपने चवड्याचा घेरही मोजा: अंगठ्यामागचं हाड आणि करंगळीमागचं हाड यांच्यावरून टेप फिरवायचा.

हा घेरच सगळा खेळ बिघडवतो. लेडीज फर्मा, म्हणजे ज्यावर बूट घडवतात तो पावलाच्या आकाराचा साचा, त्याच लांबीच्या जेंट्स फर्म्यापेक्षा चवड्यात आणि टाचेत अरुंद असतो. चवड्याच्या घेरात हा फरक जवळपास सेंटिमीटरभराचा येतो. त्यामुळे लांबी बरोबर असूनही करंगळीच्या मुळाशी कातडं ताणतं आणि वरचा भाग सोलच्या बाहेर लोंबायला लागतो. मग लोक एक नंबर मोठा घेतात. चवडा सुटतो, पण टाच मागे निसटते, आणि पायऱ्या उतरताना बूट पायातून निघतो. योग्य उपाय म्हणजे लांबीला बरोबर असलेला चामड्याचा जोड घेऊन तो रुंद करून घेणे.

हे काम मोच्याकडे होतं. जोड लाकडी फर्म्यावर चढवतात. करंगळीच्या जागी फर्म्यावर चामड्याचा छोटा तुकडा ठेवून तेवढाच भाग ताणता येतो. कातडं आतून किंचित ओलं करून रात्रभर तसंच ठेवावं लागतं, तासाभरात उरकलेलं काम आठवड्यात परत आकसतं. चामडं यातून तीन ते पाच मिलिमीटर देतं. रेक्झिन देत नाही; त्याचा वरचा थर तडकतो आणि पापुद्रे सुटतात. दुकानात लेबल नसेल तर कापलेली कड बघा: चामड्याची कड तंतुमय दिसते, रेक्झिनच्या खाली कापडाची वीण दिसते.

आता बेलीकडे. साध्या बेलीला नाडी नाही, पट्टा नाही. ती फक्त टाचेच्या कडेवर आणि बोटांवर टिकून असते. कडेत इलॅस्टिक घातलेल्या स्वस्त बेल्या पायाला घट्ट बसतात खऱ्या, पण तेच इलॅस्टिक टाचेवरच्या शिरेला कापतं. पुरुषाची टाच रुंद असल्याने ते जास्तच ताणतं. इलॅस्टिक नसलेली, कडेला मऊ पट्टी शिवलेली बेली शोधा. पुढचा गळा किती खोल आहे तेही बघा. बोटांच्या फटी अर्ध्याहून जास्त दिसत असतील तर पाय पुढे घसरतो. वरून आडवा पट्टा असलेली बेली पुरुषाच्या पायावर कितीतरी जास्त टिकते, आणि मला वाटतं दिसतेही जास्त ठाम. बाकी, पायाचा वरचा भाग उघडा टाकणारा, बो लावलेला 'पंप' नावाचा चकचकीत बूट युरोपातल्या पुरुषांच्या सर्वात औपचारिक संध्याकाळच्या पोशाखात आजही चालतो. म्हणजे हा आकार मुळात बायकांचाच आहे असं काही नाही.

दुकानात जोड हातात घ्या आणि पुढून-मागून धरून वाकवा. तो चवड्याच्या ठिकाणी वाकला पाहिजे. मधोमध, तळव्याच्या पोकळीच्या जागी दुमडला तर आत आधाराची पट्टीच नाही. मग टॉवेल पिळल्यासारखा पिळून बघा; सहज पिळला गेला तर ७५-८० किलोच्या माणसाखाली तो दोन महिन्यांत चपटा होईल. आतल्या फोमवर अंगठा दाबा. खालचा कडक थर लगेच लागला तर तिथे चालताना टाच दुखणारच. वरून जाड इनसोल टाकून हे सुटत नाही, कारण बेलीची खोली आधीच कमी असते आणि टाच वर उचलली जाऊन निसटते. फक्त चवड्याखाली पातळ अर्धा तुकडा टाकावा.

नागपूरचं ऊन विसरू नका. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि बहुतेक फ्लॅट्सचे सोल नुसते चिकटवलेले असतात. गाडीच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या कारमध्ये जोड ठेवला की गोंद मऊ पडतो आणि पुढून तोंड उघडतं. नवीन जोड घेतल्याबरोबर मोच्याकडून सोल कडेने शिवून घ्या. सोल्यूशन लावून चिकटवलेलं दर उन्हाळ्यात परत सुटतं. सोलचं मटेरियल टीपीआर (रबरासारखं लवचिक प्लॅस्टिक) असेल तर उत्तम: ओल्या फरशीवर पकड देतं. पीव्हीसी गुळगुळीत, पावसाळ्यात मेट्रो स्टेशनच्या पायऱ्यांवर धोक्याचं. पीयू (पॉलियुरेथेन) हलकं आणि आरामाचं, पण डब्यात वर्षानुवर्षं पडून राहिलं की दमटपणाने भुगा होतं, म्हणून सेलमधला जुना माल घेताना सोल नखाने खरवडून बघा. आणि काळ्या मातीचा चिखल लागला की चामड्याचा जोड त्या दिवशी उन्हात नाही, पंख्याखाली वाळवायचा.

लोफर का पुढे? कातडं वरपर्यंत येतं, पाय जागेवर धरतं, आणि रुंद करायला वाव असतो. लेडीज लोफरचा तोंडाकडचा भाग सडपातळ असल्याने तो घोट्यापर्यंतच्या पॅन्टखाली फार नीटस दिसतो. पॅन्ट घोट्याच्या हाडावर संपावी, त्याखाली कापड साचलं की बूट दिसतच नाही. मोजे लेडीज 'नो-शो'च घ्या, जेंट्सचे कडेबाहेर डोकावतात.

मोजडी आणि कोल्हापुरी या बाबतीत सर्वात सोप्या. साध्या मोजडीला डावा-उजवा नसतो, ती पायावर घडते. लेडीज मोजडीत नक्षी जास्त, रुंदी कमी, इतकाच फरक. आठवडाभर घरात घालून जोड पायावर बसवा, मग बाहेर काढा. कोल्हापुरीला तर २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि २०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने तशाच चपला पुरुषांच्या संग्रहात दाखवल्या तेव्हा श्रेयावरून मोठा वादही झाला. लेडीज कोल्हापुरीचा पातळ पट्टा आणि नाजूक वेणी पुरुषाच्या पायावर उठून दिसते. फक्त अंगठ्याचं वेटोळं सैल करून घ्या आणि पावसात ती बाहेर काढू नका.

दुकानात थेट सांगावं. 'लेडीजमध्ये एक्केचाळीस दाखवा भाऊ, मलाच घालायची आहे.' एवढं म्हटलं की 'वहिनींचा नंबर काय?' हा फेरा वाचतो आणि माणूस गोदामातून मोठे नंबर काढून आणतो. बर्डीला रविवारी संध्याकाळी जाऊ नका, कोणीही चार जोड नीट घालून बघू देत नाही; कामाच्या दिवशी दुपार बरी.

बनवून घेताना कारागिराला पावलाचा कागद, चवड्याचा घेर आणि आवडलेल्या जोडाचा फोटो, तिन्ही द्या, आणि लेडीज फर्म्यावर चवडा वाढवून करा असं स्पष्ट सांगा. नाहीतर जेंट्स फर्म्यावर बेली निघते आणि ती बोजड दिसते. ऑनलाइन मागवत असाल तर दोन लागोपाठचे नंबर मागवा, संध्याकाळी चादरीवर दहा मिनिटं चालून बघा, आणि सोलला डाग लागण्याआधी न बसणारा परत करा.