सोबत-सेवेचे आठ महिने : पाचपैकी चार तारे

ही सेवा मी मागितली नव्हती, हे आधीच सांगून टाकते. मुलानं परस्पर अर्ज भरला आणि मग मला फोन केला. "आई, आठवड्यातून एकदा कुणीतरी येऊन बसेल तुझ्याजवळ. स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत." मी म्हटलं, "जवळ येऊन बसायला मी काय आजारी पडलेय?"

माझं वय ७९. हे गेल्यापासून चार वर्षं एकटी राहते. नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली, ३१ वर्षं, आणि त्यातली बरीचशी बोर्डावर, कानाला हेडसेट लावून. लोकांना लोकांशी जोडून द्यायचं आणि आपण हळूच बाजूला व्हायचं, यात माझा जन्म गेला. आता मलाच कुणीतरी जोडून देणार म्हटल्यावर राग आला, खोटं कशाला बोलू.

तरी लिहायला बसलेय, कारण अशा सेवांबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक मुला-सुनांनी लिहिलेलं असतं. बेल ज्याच्या घरी वाजते त्याला कुणी विचारत नाही.

आधी समन्वयक बाई आल्या. ओळखपत्र दाखवलं, नियम वाचून दाखवले. स्वयंसेवक पैशांना आणि कार्डाला हात लावणार नाही, औषध देणार नाही, आंघोळ घालणार नाही, उचलणार नाही, कागदावर सह्या घेणार नाही. "मग करणार काय?" मी विचारलं. "बसेल, बोलेल, तुम्हाला हवं असेल तर बाहेर सोबत येईल." नियम मला आवडले. काय करणार नाही हे जो आधी सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवायला सोपं जातं.

मग तीन प्रश्न विचारले. सोबतीची उणीव किती वेळा भासते? आपल्याला वगळलंय असं किती वेळा वाटतं? इतरांपासून तुटल्यासारखं किती वेळा वाटतं? प्रत्येकाला क्वचित, कधीकधी किंवा बऱ्याचदा असं उत्तर द्यायचं आणि त्याला एक, दोन, तीन गुण. म्हणजे कमीत कमी तीन, जास्तीत जास्त नऊ. मला चार मिळाले. हे प्रश्न कुठून आले ते मी नंतर शोधून काढलं. कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठात १९७८ साली एकटेपणा मोजायची २० प्रश्नांची फूटपट्टी तयार झाली. ती फोनवर विचारायला फार लांब पडायची, म्हणून २००४ साली तिची ही तीन प्रश्नांची छाटणी झाली. फोनसाठी! हे वाचून मात्र मला त्या प्रश्नांबद्दल जरा आपुलकी वाटली.

मुलगा अधूनमधून लेख पाठवतो. एकटेपणामुळे जगात वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यू होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२५ चा अंदाज आहे. तासाला शंभर. असा आकडा आईला पाठवून तिनं काय करावं अशी अपेक्षा असते, कोण जाणे. त्यापेक्षा २०१५ सालच्या एका अभ्यासाबद्दलचा लेख बरा होता. त्या संशोधकांनी एकटं राहणं, माणसांशी संबंध तुटणं आणि एकटं वाटणं हे तिन्ही वेगवेगळं मोजलं होतं. तिन्हींत मृत्यूचा धोका वाढलेला दिसला, अनुक्रमे ३२, २९ आणि २६ टक्के. टक्के जाऊ द्या. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कुणीतरी कागदावर मान्य केलं, एवढंच मला हवं होतं. कारण पहिली दोन वर्षं मी एकटी राहत होते, पण मला एकटं वाटत नव्हतं. पुढं कधी वाटायला लागलं ते कळलं नाही.

आता माझ्याकडं येणाऱ्या स्वयंसेवक मुलीबद्दल. बावीस वर्षांची. मंगळवारी साडेचारला येते. पहिल्याच दिवशी "आजी" म्हणाली. मी म्हटलं, काकू म्हण, आजी म्हणायला माझी नातवंडं आहेत.

पहिल्या चार भेटी सपशेल फुकट गेल्या. ती विचारायची, "तुमच्या वेळी कसं होतं?" मी ट्रंक कॉलसारखं उत्तर द्यायचे, तीन मिनिटं झाली की तोडायचे. ती घड्याळाकडे बघायची, मी ती बघतेय का ते बघायचे. चौथ्या मंगळवारी ती गेल्यावर मी मुलाला सांगितलं, बंद कर हे. तो म्हणाला, "महिनाभर तरी बघ, आई."

पाचव्या वेळी ती आली तीच उतरलेल्या चेहऱ्यानं. खूप खोदल्यावर कळलं की तिला एका कार्यालयात फोन करायचा होता, स्वतःच्याच अडकलेल्या कागदपत्रांसाठी, आणि आठ दिवस तिचा धीर होत नव्हता. मला आधी कळेचना. फोन करायला कसली भीती? तर म्हणे त्यांच्या वयाच्या बऱ्याच जणांना असते. मेसेज लिहितील, पण समोरून "हॅलो" आलं की घसा सुकतो. मी ३१ वर्षं दिवसाला शेकडो अनोळखी लोकांशी बोलले होते. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. पहिलं वाक्य लिहून काढ. नाव सांग, काम सांग, मग गप्प बस. गप्प बसणं महत्त्वाचं, कारण समोरच्याला कागद शोधायला वेळ लागतो. त्यानं नाव सांगितलं की लिहून घे आणि पुढच्या वाक्यात ते वापर. तीन वेळा मी कारकून झाले, एकदा तर मुद्दाम खवट कारकून. मग तिनं खरा फोन केला. दीड मिनिटात काम झालं.

त्या दिवशी ती सव्वासहाला गेली. पुढच्या मंगळवारी मी चारलाच तयार होऊन बसले होते.

प्रशिक्षणात या मुलांना "ऐकून घ्या" असं शिकवतात. बरोबरच आहे. पण कुणी नुसतं ऐकूनच घ्यायला लागलं की आपण रुग्ण झाल्यासारखं वाटतं. माझ्याकडून तिला काहीतरी हवं होतं, तिथून पुढं ही सेवा खऱ्या अर्थानं सुरू झाली. संस्थेच्या पत्रकात याबद्दल एक ओळही नाही.

दुसरं म्हणजे तिची नजर. दुसऱ्या महिन्यात ती म्हणाली, "काकू, मी डाव्या बाजूला बसू का? तुम्ही दर वेळी तो कान पुढं करता." मी उडवून लावलं. कानावर पोट भरलेल्या बाईला ऐकू येत नाही? माझं म्हणणं होतं की मैत्रिणीच हल्ली पुटपुटायला लागल्यात, म्हणून तर त्यांच्याकडं जाणं मी कमी केलं होतं. ती वाद घालायची नाही. फक्त डाव्या बाजूला बसायची. शेवटी मीच तिला घेऊन तपासणीला गेले. वयाप्रमाणे आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ अशी अक्षरं गळतात. त्यामुळे कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. पुटपुटल्यासारखंच वाटतं! मैत्रिणींची मी मनातल्या मनात माफी मागितली, तोंडावर अजून मागितलेली नाही.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ साली डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, धोका वाढवणाऱ्या पण बदलता येण्यासारख्या १४ गोष्टी सांगितल्या. त्यात ऐकू कमी येणं आहे आणि लोकांपासून तुटणंही आहे. माझ्या बाबतीत पहिल्यामुळे दुसरं आलं होतं आणि दोन्हींना मी "वय झालं" म्हणत होते. कानाचं यंत्र लावल्यावर पहिले काही आठवडे नळाचं पाणी धबधब्यासारखं आणि वर्तमानपत्राचं पान उलटणं पत्रा वाजवल्यासारखं ऐकू यायचं. खोक्यात ठेवून द्यायला निघाले होते. तिनं रोज थोडा वेळ वाढवत न्यायचा तक्ता करून कपाटाला चिकटवला. आपली हस्तक्षेपाची हद्द ती बरोबर ओळखते. एकदा औषधांच्या डब्यात वेगवेगळ्या नावांच्या दोन पाकिटांवर बारीक अक्षरात एकच औषध लिहिलेलं तिच्या लक्षात आलं. हात लावला नाही. "डॉक्टरांना दाखवा," एवढंच म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी फोन करून दाखवलं का ते विचारलं. डॉक्टरांनी एक बंद केलं.

आता तो पडण्याचा प्रकार. सहाव्या महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास पलंग आणि कपाट यांच्यामध्ये पाय अडकून पडले. मोडलं काही नाही, पण उठता येईना. फोन टेबलावर, हात चार बोटं कमी पडत होता. जमिनीवर तासाच्या वर पडून राहणं हे पडण्याइतकंच वाईट, हे मला नंतर फिजिओथेरपीच्या बाईंनी सांगितलं. अंगाखाली दबलेले स्नायू खराब होतात, त्याचा भार मूत्रपिंडावर येतो, अंग गार पडतं. त्या वेळी मला एवढंच माहीत होतं की आज मंगळवार आहे.

साडेचारला बेल वाजली. ती पुन्हा वाजली. मी ओरडले. तिनं शेजारच्यांकडची किल्ली आणून दार उघडलं. मला ओढून उभं केलं नाही, कुठं दुखतंय ते विचारलं, पांघरूण घातलं, आणि मग फोन केला. रुग्णवाहिकेला. नाव, पत्ता, काय झालं, मग गप्प. जमिनीवर पडल्या पडल्या मी तिचा फोन तपासत होते. छान केला. सुटसुटीत.

एक तारा कापला तो त्याच संध्याकाळच्या कारभारासाठी. समन्वयक बाईंनी मला काही न विचारता आधी मुलाला कळवलं, आणि "आता आई एकट्या राहू शकतील का, याचा विचार करा" असंही सांगितलं. मी शुद्धीत होते, बोलत होते, माझा नंबर त्यांच्याकडं होता. पुढचे पंधरा दिवस घरात तेवढाच एक विषय. मी लेखी तक्रार केली. आता माझ्या कागदावर लिहिलंय की जीव धोक्यात नसेल तर आधी मला विचारायचं, मग मुलाला. माफीही आली, छापील नमुन्यातली.

आणि प्रामाणिकपणे बघायचं तर मी बुधवारी पडले असते तर? आठवड्यातल्या एका भेटीला सुरक्षा म्हणता येत नाही, तो योगायोग होता. म्हणून मी रोज सकाळचा खुशालीचा फोनही लावून घेतला. नऊला येतो, क्वचितच तीन मिनिटांच्या वर जातो. उचलला नाही तर पंधरा मिनिटांनी पुन्हा, मग शेजारी. फोनला कमी लेखणाऱ्यांसाठी सांगते : टेक्सासमध्ये २४० लोकांवर एक प्रयोग झाला, २०२१ साली छापून आला. फोन करणारी मुलं १७ ते २३ वर्षांची, कुणी समुपदेशक नाही, शिकवणी थोडक्यात. सुरुवातीला रोज फोन, मग ज्याला जितके हवे तितके. चार आठवड्यांत एकटेपणा कमी झाला, आणि तो मोजला माझ्या त्याच तीन प्रश्नांनी.

जमिनीवरून उठायला फिजिओथेरपीवाल्यांनी शिकवलं. कुशीवर व्हायचं, हातागुडघ्यांवर यायचं, भक्कम खुर्चीपर्यंत सरकायचं, एक पाऊल पुढं रोवायचं. दर मंगळवारी एकदा करते. ती शेजारी उभी राहून मोजते, हात लावत नाही. फोन आता गळ्यात असतो.

किरकोळ तक्रारी : ती दहा-पंधरा मिनिटं उशिरा येते, बऱ्याचदा. परीक्षेच्या तीन आठवड्यांत तीन वेगळे बदली आले. त्यातला एक "आज आपण गोळी घेतली का?" असं लहान मुलाशी बोलावं तसं विचारत होता. मी म्हटलं, मी घेतली, तुझं तू बघ. अर्ज भरणाऱ्यांनी हे विचारून घ्यावं, की माणूस तोच येणार का, नाही आला तर कोण, बेलला उत्तर आलं नाही तर पुढं काय, आणि माझ्याबद्दलची बातमी आधी कुणाच्या कानावर जाणार.

गेल्या आठवड्यात समन्वयक बाई पुन्हा तो कागद घेऊन आल्या. या वेळी माझे सहा गुण झाले. बाई गंभीर झाल्या. "काकू, सेवा सुरू झाल्यावर एकटेपणा वाढलाय असं दिसतंय." मी सांगितलं की वाढला नाही, मागच्या वेळी मी खोटी उत्तरं दिली होती, खरा आकडा आठ असेल. त्यांनी विचारलं, मग जुन्या कागदावर दुरुस्ती करू का? मी म्हटलं करा, आणि खाली माझी सही घ्या. तर म्हणे, सह्या घ्यायच्या नाहीत असा नियम आहे.