प्रोसेसरचा आवाज गढूळ येतोय? ॲम्पचं इनपुट, एफएक्स रिटर्न की फुल-रेंज स्पीकर

गिटारच्या मल्टी-इफेक्ट्स प्रोसेसरवर बनवलेला पॅच, म्हणजे साठवलेली आवाजाची मांडणी, हेडफोनमध्ये झकास वाजते. तोच पॅच ॲम्पला जोडला की आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. कॉर्डमधले सूर एकमेकांत मिसळून जातात, खालची ई नुसती घुमते आणि पिकची धार कुठेच ऐकू येत नाही. मग कुणी ट्रेबल चढवत नेतं, कुणी नव्या प्रोसेसरचे व्हिडिओ बघायला लागतं. माझं म्हणणं असं की त्याआधी प्रोसेसरमधून निघालेली केबल कुठे जाऊन लागते ते बघा. गढूळपणा बहुतेक वेळा पॅचमध्ये नसतोच, तो जोडणीत असतो.

जोडायच्या जागा मुख्यतः तीन: ॲम्पचं पुढचं इनपुट, ॲम्पच्या मागचं एफएक्स रिटर्न (बाहेर काढलेला सिग्नल इफेक्टमधून फिरवून परत आणणाऱ्या लूपचं परतीचं टोक), आणि फुल-रेंज स्पीकर. या तिसऱ्यात एफआरएफआर (सगळ्या फ्रीक्वेन्सी सारख्याच वाजवणारा स्पीकर), पीए आणि स्टुडिओ मॉनिटर हे सगळे आले. कोणती जागा निवडता यावर प्रोसेसरमधलं काय चालू ठेवायचं आणि काय बंद करायचं ते ठरतं.

आधी दोन मिनिटांची एक तपासणी करा. गिटारच्या ॲम्पवर वाजवत असाल तर खालच्या दोन तारांवर पाम-म्यूट करून (तळहाताची कड तारांवर टेकवून) एखादी पॉवर कॉर्ड वाजवत राहा आणि तेवढ्यात पॅचमधला कॅब सिमचा ब्लॉक बंद करा. आवाज एकदम मोकळा झाला, तारेवर पिक घासल्याचं ऐकू यायला लागलं, तर दुखणं सापडलं. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं काही बाहेर येऊ देत नाही, शिवाय लो-मिडमध्ये त्याची स्वतःची फुगवटी असते. कॅब सिम म्हणजे अशाच स्पीकरची आणि त्याच्यासमोरच्या माइकची डिजिटल नक्कल. नक्कल चालू ठेवून खऱ्या स्पीकरमधून वाजवलं की वरचा भाग दोनदा कापला जातो आणि खालची फुगवटी दोनदा चढते. तो कापलेला भाग ट्रेबलच्या नॉबने परत येत नाही. जे उरलंय तेवढंच टोचायला लागतं.

पुढचं इनपुट: सोयीचं, पण दोन प्रीॲम्पचं

सगळ्यांच्या हाताशी असलेला पर्याय हाच, आणि सगळ्यात जास्त गढूळपणाही इथेच होतो. पुढच्या इनपुटमधून गेलेला सिग्नल ॲम्पच्या प्रीॲम्पमधून (आवाजाला रंग देणाऱ्या पहिल्या टप्प्यातून) आणि त्याच्या टोन-कंट्रोलमधून जातो. प्रोसेसरमध्ये आधीच एखादं ॲम्प मॉडेल चालू असेल तर एका ॲम्पचा आवाज दुसऱ्या ॲम्पमध्ये ओतल्यासारखं होतं. त्यातही फेंडर धाटणीच्या टोन-कंट्रोलमध्ये तिन्ही नॉब मध्यावर ठेवले तरी मिड चांगलेच खाली गेलेले असतात. नॉब १२ वाजता आहेत म्हणजे ॲम्प सपाट आहे, हा समज सोडून द्यावा लागतो. अशा ॲम्पवर सपाटच्या जवळ जायचं तर बेस आणि ट्रेबल शून्यावर, मिड पूर्ण. डोळ्यांना विचित्र दिसतं, पण करून बघा.

या जोडणीत माझी पसंती सरळ आहे. ॲम्प मॉडेल आणि कॅब सिम दोन्ही बंद ठेवा, ॲम्प क्लीन चॅनलवर आणा, गेन कमी ठेवा आणि प्रोसेसर नुसता पेडलबोर्ड म्हणून वापरा. ड्राइव्ह, कोरस, डिले तेवढे त्यातून घ्या. आउटपुटची पातळी इन्स्ट्रुमेंटवर हवी. लाइन ६ कंपनीच्या हेलिक्स या प्रोसेसरच्या ग्लोबल सेटिंगमध्ये इन्स्ट्रुमेंट आणि लाइन असा पर्याय मिळतो, इतर बऱ्याच प्रोसेसरांतही तो असतो. त्याहून जोरदार असलेली लाइन पातळी पुढच्या इनपुटमध्ये सोडली तर प्रीॲम्प चेपला जातो आणि क्लीन आवाजसुद्धा जाड, दबलेला वाटतो.

ॲम्पचं स्वतःचं डिस्टॉर्शन आवडत असेल तर मात्र पुढचं इनपुट अपुरं पडतं. डिले आणि रिव्हर्ब डिस्टॉर्शनच्या आधी येतात, मग प्रत्येक प्रतिध्वनी ताज्या सुरासोबत फाटतो आणि सगळी गिचमिड होते. कितीही ईक्यू करा, ती सुटत नाही, कारण ती फ्रीक्वेन्सीची नसून क्रमाची आहे. ॲम्पला लूप असेल तर चार केबलची जोडणी करावी: ड्राइव्ह प्रीॲम्पच्या आधी, डिले-रिव्हर्ब लूपमध्ये. लूपला मिक्सचा नॉब असेल तर तो पूर्ण वेटवर (फक्त प्रोसेसरमधून आलेल्या सिग्नलवर) ठेवा. नाहीतर थेट सिग्नल आणि प्रोसेसरमधून किंचित उशिरा आलेला सिग्नल एकमेकांना खातात आणि आवाज पोकळ होतो.

एफएक्स रिटर्न: ॲम्प आहे त्यांच्यासाठी पहिली निवड

ॲम्पच्या मागे रिटर्नचं भोक असेल तर मी दुसरीकडे बघणारच नाही. रिटर्नमध्ये घातलेला सिग्नल प्रीॲम्प टाळून थेट पॉवर ॲम्पकडे (स्पीकर हलवण्याइतकी ताकद देणाऱ्या शेवटच्या टप्प्याकडे) जातो, त्यामुळे ॲम्पचा उरतो तो फक्त पॉवर ॲम्प आणि स्पीकर. आता प्रोसेसरमधलं ॲम्प मॉडेल चालू ठेवायचं, कॅब सिम बंद. निवडलेलं मॉडेल त्याच्या खऱ्या स्वभावाच्या बरंच जवळ वाजायला लागतं आणि पुढचे टोन-नॉब मध्ये लुडबुड करत नाहीत.

एक सावधगिरी. पुष्कळ ॲम्पमध्ये रिटर्न वापरताना गेन-टोनचे नॉब निकामी होतात, काहींत मास्टरसुद्धा. प्रोसेसरचा आउटपुट शून्यावर ठेवूनच ॲम्प सुरू करा आणि मग हळूहळू चढवा.

बॉसच्या जीटी मालिकेत आउटपुट सिलेक्ट नावाची सोय आहे. तिथे ॲम्पच्या प्रकारानुसार पर्याय असतात, पुढचं इनपुट वेगळं आणि रिटर्न वेगळं. हे सेटिंग लाइन/फोन्सवर राहिलं आणि केबल ॲम्पमध्ये गेली की गढूळपणा ठरलेलाच. त्यामुळे नवीन ॲम्पसमोर उभं राहिल्यावर पॅच उघडण्याआधी हे पान उघडावं.

या पर्यायाची मर्यादा स्पीकर. सरावाच्या लहान ॲम्पची पेटी छोटी असते आणि ती स्वतःच बोलते. प्रोसेसरमध्ये मोठ्या चार-स्पीकरच्या कॅबिनेटचं चित्र निवडलं म्हणून तो आवाज तिथून निघणार नाही. अनेक प्रकारचे आवाज एकाच पेटीतून काढायचे असतील तर तिसरा पर्याय बघावा.

फुल-रेंज: सगळ्यात मोकळा, पण सगळं दाखवणारा

इथे नियम उलटा. ॲम्प मॉडेल आणि कॅब सिम दोन्ही चालू. कॅब सिम बंद राहिला तर आवाज गढूळ होत नाही, किरकिरा आणि टोचरा होतो. म्हणजे तक्रार गढूळपणाची असेल तर कारण दुसरीकडे शोधायचं.

पहिली जागा लो-कट, म्हणजे ठरावीक फ्रीक्वेन्सीच्या खालचं कापणारा फिल्टर. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये गिटारची सगळ्यात खालची ई ८२ हर्ट्झच्या आसपास असते, पण फुल-रेंज स्पीकर त्याखालची हाताची धडधड, पाम-म्यूटचा धक्का हेही इमानाने वाजवतो. कॅब किंवा आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स, खऱ्या कॅबिनेट आणि माइकची मोजून घेतलेली छाप) ब्लॉकमध्ये लो-कट ८० ते १०० हर्ट्झवर ठेवा. बँडमध्ये बेस गिटार असेल तर १२० पर्यंत बिनधास्त जा. एकट्याने ऐकताना आवाज किंचित बारीक वाटेल, पण सगळे एकत्र वाजायला लागले की गिटार वेगळी ऐकू येईल. हाय-कट ६ ते ८ किलोहर्ट्झच्या दरम्यान पुरतो. प्रोसेसरमध्ये तो आधीच खूप खाली आणलेला नाही ना, तेही बघून घ्या.

दुसरी जागा स्पीकर कुठे ठेवलाय ती. जमिनीवर, भिंतीच्या कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर बेस वाढवून देतो. तो स्टँडवर किंवा खुर्चीवर ठेवून दोन पावलं पुढे ओढला की कित्येकदा ईक्यूला हात लावावा लागत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे पॅच कोणत्या आवाजात बनवला होता. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मांडलेले समान-गाजेचे आलेख हेच सांगतात: हळू आवाजात कानाला बेस कमी ऐकू येतो. रात्री हळू आवाजात बनवलेल्या पॅचमध्ये आपण नकळत बेस चढवतो, आणि मोठ्याने वाजवताना तो उसळून वर येतो. ज्या आवाजात वाजवायचं त्याच आवाजात पॅच बसवावा, याला दुसरा उपाय मला माहीत नाही.

आयआर बदलूनही खूप फरक पडतो. एसएम५७ सारख्या डायनॅमिक माइकने घेतलेला आयआर उजळ असतो, रिबन माइकचा अंधारा. दोन आयआर मिसळताना ते एकमेकांना छेदत नाहीत ना, हे एकेक बंद करून ऐका. प्रोसेसरचे मूळचे कॅब सिम कच्चे असतील आणि बाहेरचा आयआर घालायची सोय नसेल, तर अख्खा प्रोसेसर बदलण्याऐवजी त्याच्या आउटपुटनंतर वेगळा आयआर लोडर लावणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

जोडणी बरोबर असूनही गढूळ?

मग पॅचकडे वळा. पहिल्यांदा गेन कमी करा, वाटतं त्यापेक्षा जास्त कमी. हाय-गेन आवाजात बेस डिस्टॉर्शनच्या आधी कापणं हे नंतर कापण्यापेक्षा कितीतरी परिणामकारक. ट्यूब स्क्रीमर या ओव्हरड्राइव्ह पेडलचं ड्राइव्ह जवळपास शून्यावर आणि लेव्हल वर ठेवून हाय-गेन ॲम्पच्या आधी वापरतात ते यासाठीच. त्याच्या सर्किटमध्ये साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग क्लिपिंगआधीच दबतो, म्हणून खालच्या तारा घट्ट वाजतात. जवळपास प्रत्येक प्रोसेसरमध्ये त्याचं मॉडेल असतं.

त्यानंतर पॅरामेट्रिक ईक्यूचा एक बँड अरुंद करून भरपूर चढवा आणि २०० ते ४०० हर्ट्झमध्ये सावकाश सरकवा. जिथे सगळ्यात वाईट घुमेल तिथेच ३-४ डेसिबल खाली आणा. रिव्हर्बलाही लो-कट द्या. कोरड्या गिटारपेक्षा रिव्हर्बच्या शेपटीतच चिखल जास्त साचतो.

ॲम्पला एकच केबल जात असेल तर ती लेफ्ट/मोनो मध्येच घाला. स्टिरिओ पॅचची फक्त उजवी बाजू ऐकली की अर्धा आवाज गायब असतो.

एवढं करूनही मंदपणा राहिला तर सगळे ब्लॉक बंद करून वाजवा, मग गिटार थेट ॲम्पला लावून ऐका. दोन्ही सारखेच मंद असतील तर तारा, केबल आणि गिटारचा टोन-नॉब तपासा. फक्त प्रोसेसरमधून मंद येत असेल तर इनपुट इम्पीडन्सचं (प्रोसेसर पिकअपवर किती भार टाकतो त्याचं) सेटिंग शोधा. पॅसिव्ह पिकअपला साधारण १ मेगाओम लागतो. ते सेटिंग खूप खाली असेल तर वरचे सूर प्रोसेसरमध्ये शिरतानाच मरतात.