छापाशी तंतोतंत जुळतं म्हणून घेतलं आणि तिथेच फसले

लाज वाटतेय लिहायला पण लिहिते, कारण इकडे बेल्जियम-नेदरलँड्सला राहणारे आपले बरेच जण सुट्टीच्या दिवशी जुन्या बाजारात फिरतात आणि काहीतरी अँटिक घेऊन घरी येतात.

मी अँटवर्पमध्ये एका विक्रेत्याकडून ११५० युरोला एक ड्रॉइंग घेतलं. तपकिरी शाई, पिवळट कागद, बायबलमधली कुठलीशी लढाई, पुढे एक शिपाई उजव्या हाताने तलवार उपसून उभा. विक्रेता म्हणाला हे हीमस्कर्कच्या जवळच्या कुणाचं तरी आहे, एन्ग्रेव्हिंगसाठी केलेलं मूळ ड्रॉइंग, १५६० च्या आसपासचं. आता हे पटण्यासारखं होतं हो. हीमस्कर्क (१४९८-१५७४) हार्लेमचा चित्रकार, तो ड्रॉइंग करून द्यायचा आणि तांब्याच्या प्लेटवर खोदायचं काम कॉर्नहर्ट, फिलिप्स गाले अशी मंडळी करायची, मग प्लेटला शाई लावून कागदावर चित्र छापायचं, तोच छाप, असे शेकडो छाप निघालेत, मग एखादं ड्रॉइंग कुणाच्या तरी माळ्यावरून निघालं असेल असं मीच स्वतःला समजावलं.

विक्रेत्याने त्याच चित्राचा छाप शेजारी ठेवला. शिपाई, घोडा, मागचा बुरूज, सगळं जागच्या जागी, मापसुद्धा तेच. मग मोबाइलचा टॉर्च आडवा धरून रेषांमधले बारीक चर दाखवले. ही खरी पद्धत आहे, खोदणारा ड्रॉइंगच्या रेषांवरून बोथट सुई दाबून फिरवायचा म्हणजे चित्र प्लेटवर उतरतं, आणि कागदावर त्याचे चर राहतात. मी वाचलेलं होतं, म्हणून तर जास्तच खूश झाले. नवरा म्हणाला रात्रभर विचार कर, उद्या घेऊ. मी म्हटलं उद्यापर्यंत राहणार आहे का ते! कॅश दिली.

तीन महिन्यांनी ओळखीतल्या एक रिटायर्ड बाई जेवायला आल्या, त्यांनी आयुष्यभर जुने छाप आणि कागद दुरुस्त केलेत. भिंतीवरचं चित्र बघून म्हणाल्या, हा उजव्या हाताने लढतोय, मग छापात कुठल्या हाताने? मी म्हटलं उजव्याच. आणि बोलता बोलताच पोटात गोळा आला.

अहो मी स्वतः कॉलेजला प्रिंटमेकिंग केलंय! पहिल्या लिनोवर (छापासाठी कोरायचा मऊ पत्रा) स्वतःचं नाव सरळ कोरलं होतं आणि कागदावर ते उलटं आल्यावर सर अख्ख्या वर्गासमोर हसले होते. प्लेटवरचं छापात उलटं येतं. म्हणून छापासाठीच्या खऱ्या ड्रॉइंगमध्ये शिपाई सहसा डावखुरा असतो, तो छापात उजवा व्हावा म्हणून. ब्रुगेल या त्याच काळातल्या चित्रकाराचं मोठे मासे छोट्या माशांना खातात ते ड्रॉइंग बघा, १५५६ चं, व्हिएन्नाला आल्बर्टिना म्युझियममध्ये आहे, आणि १५५७ चा छाप शेजारी लावा, दोन्ही ऑनलाइन मिळतात, छाप आरशात बघितल्यासारखा उलटा आहे. (त्याच छापावर अँटवर्पच्या कॉक नावाच्या प्रकाशकाने कल्पना बॉश या आधीच्या नावाजलेल्या चित्रकाराची म्हणून नाव टाकलं, बॉश १५१६ लाच वारला होता पण त्याच्या नावाला गिऱ्हाईक होतं, म्हणजे हे धंदे इथे जुनेच आहेत.) माझं ड्रॉइंग छापाच्या त्याच दिशेला होतं, म्हणजे बहुतेक छाप बघूनच काढलेलं. अपवाद असतात, मधे आणखी एक नक्कल करून दिशा बदलता येते, पण मग ते विकणाऱ्याने सांगायला हवं ना.

बाईंनी भिंग मागितलं. खऱ्यात शाई आधी आणि चर नंतर. माझ्यात शाई चरात उतरून साचलेली, म्हणजे कुणीतरी आधी छाप वर ठेवून टोकदार काहीतरी दाबत गिरवलंय आणि मग त्या चरांतून पेन फिरवलंय. कागद मात्र जुना होता, उजेडाला धरला की समांतर रेघा दिसतात, पण जुन्या पुस्तकातलं कोरं पान काढून वापरणं ही ठरलेली युक्ती आहे, एरिक हेबॉर्न या नकली चित्रं करणाऱ्या इंग्रज चित्रकाराने तशीच जुनी पानं वापरून कितीतरी नकली ड्रॉइंग केली आणि नंतर स्वतःच कबूल केलं. एका कोपऱ्यात किडीने खाल्लेलं भोक होतं, शाई त्या भोकाच्या कडेने आत ओघळलेली. म्हणजे भोक आधी, चित्र नंतर. आणि मी ते भोक सगळ्यांना कौतुकाने दाखवत होते.

परत गेले तर तो शांत. म्हणाला मॅडम पावती बघा. पावतीवर डचमध्ये फक्त "जुनं चित्र, कागदावर शाई". नाव नाही, साल नाही, छापाचा उल्लेख नाही. सगळं तोंडी बोललेला. पोलिसांतही विचारून आले, ही पावती आणि कॅश म्हटल्यावर त्यांनीही हात वर केले. म्हणून सांगते, घेण्याआधी चित्रकार, काळ आणि "छापासाठीचं ड्रॉइंग" हे शब्द पावतीवर लिहून मागा, जो लिहायला का-कू करेल त्याच्याकडून पोस्टकार्डसुद्धा घेऊ नका.

मागच्या रविवारी त्याच टेबलावर नवीन ड्रॉइंग होतं, शेजारी त्याचा छाप, आणि टॉर्चही तोच. एक तरुण जोडपं वाकून बघत होतं. मी जवळ जाऊन त्या मुलीला एवढंच विचारलं, दोन्हींमध्ये घोड्याचं तोंड एकाच बाजूला कसं गं?