ब्लू-कट चष्मा: जांभळ्या टॉर्चचा प्रयोग आणि बिलातले जादा पैसे

चष्म्याच्या दुकानात काउंटरवर एक छोटा प्रयोग तयार ठेवलेला असतो. पेनाएवढा टॉर्च आणि एक पांढरं कार्ड. टॉर्चचा जांभळा ठिपका कार्डावर पडला की तिथे डाग उमटतो. मध्ये साधी काच धरली तरी उमटतो. ब्लू-कट काच धरली की नाही उमटत. "बघा, मोबाईलचा निळा प्रकाश असा अडतो." गिऱ्हाईक मान डोलावतं आणि बिलात काही शे रुपये वाढतात.

या प्रयोगात हातचलाखी नाही, काच तो प्रकाश खरंच अडवते. मेख आहे टॉर्चमध्ये. प्रकाशाचा रंग त्याच्या तरंगलांबीवरून ठरतो आणि ती नॅनोमीटरमध्ये मोजतात. टॉर्चचा प्रकाश सुमारे ४०५ नॅनोमीटरचा, म्हणजे जांभळ्याच्या पार कडेचा, अतिनील किरणांना खेटलेला. मोबाईल, लॅपटॉप आणि टीव्हीच्या एलईडीचा निळा सर्वांत जोरात असतो तो ४५० च्या आसपास. ४०५ ला स्क्रीन जवळपास काहीच बाहेर टाकत नाही. बाजारातल्या बहुतेक पारदर्शक ब्लू-कट काचा 'यूव्ही ४२०' जातीच्या. त्या ४२० पर्यंतचं गाळतात आणि ४५० चं बहुतेक सगळं आत सोडतात. सोडावंच लागतं, कारण ४५० पूर्ण अडवायचं तर काच नारिंगी करावी लागेल आणि ती घालून कोणी ऑफिसला जाणार नाही. म्हणजे टॉर्च मारून जे अडवून दाखवतात ते स्क्रीनमधून येत नाही, आणि जे येतं ते काच अडवत नाही.

पडताळा घरी घेता येतो. लॅपटॉपवर पूर्ण निळ्या रंगाचं चित्र लावा, चष्मा हातात धरून काचेतून आणि काचेबाहेरून आळीपाळीने पाहा. निळा जेमतेम उतरलेला दिसेल. पांढऱ्या कागदावर काच धरली तर मात्र फिकट पिवळी झाक कळते. कपड्यांचे रंग जुळवणाऱ्यांना, छपाईत किंवा फोटोच्या कामात असलेल्यांना ती झाक रोज नडते. विकताना हे सहसा कोणी सांगत नाही.

डोळ्यांचा थकवा तरी कमी होतो का? उपचारांवरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२३ च्या ऑगस्टमध्ये सहा देशांतल्या १७ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा की थोड्या काळाच्या वापरात साध्या काचेच्या तुलनेत थकव्यात बहुधा फरक पडत नाही. झोपेबद्दल ठाम काही हाती लागलं नाही. आढावा घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली: स्क्रीनसारख्या कृत्रिम स्रोतांतून डोळ्यांत जाणारा निळा प्रकाश दिवसाच्या उजेडातल्या निळ्याच्या साधारण हजाराव्या भागाइतका असतो, आणि या काचा त्यातला १० ते २५ टक्के गाळतात. स्क्रीनच्या निळ्याने दृष्टी जाईल या धास्तीने कोणी ही काच घेत असेल, तर गच्चीवर वाळवण राखत बसणाऱ्या आजींना त्याच्या कैक पट निळा रोज मिळतो हे ध्यानात घ्यावं. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीनेही असा खास चष्मा वापरायची शिफारस केलेली नाही.

मग ब्लू-कट घातल्यावर "खरंच बरं वाटतंय" म्हणणारे सगळे खोटं बोलतात का? मुळीच नाही. या चष्म्याबरोबर तीन गोष्टी बदललेल्या असतात: नंबर ताजा होतो, काच ओरखडे नसलेली मिळते आणि तिच्यावर अँटी-रिफ्लेक्शन, म्हणजे एआर कोटिंग असतं. आराम यांच्यामुळे मिळतो, श्रेय ब्लू-कटच्या स्टिकरला जातं.

एआरवर पैसे घालावेत. कोटिंग नसलेल्या साध्या प्लॅस्टिक काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश उलटतो, दोन्ही मिळून ८. मागची खिडकी, डोक्यावरची ट्यूब, आपलेच गाल, सगळं काचेच्या आतल्या बाजूला धूसर दिसत राहतं. चांगल्या एआरमध्ये हे टक्का-दीड टक्क्यावर येतं. ओळखायला काच ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. ट्यूब स्वच्छ पांढरी आणि ठळक दिसली तर कोटिंग नाही. मंद हिरवट दिसली तर नेहमीचं एआर. ठसठशीत निळी-जांभळी दिसली तर निळा परतवणारं ब्लू-कट कोटिंग. या तिसऱ्या प्रकारात व्हिडिओ कॉलवर समोरच्याला तुमच्या डोळ्यांऐवजी दोन निळे तुकडे दिसतात.

आता अंतराचा हिशेब, जो टॉर्चइतका आकर्षक नाही पण कामाचा तोच. १०० ला सेंटिमीटरने भागा. डोळ्याला किती डायॉप्टरचा (चष्म्याचा नंबर मोजतात तेच एकक) जोर लावावा लागतो ते निघतं. लॅपटॉप ६६ सेंटिमीटरवर असेल तर दीड, पुस्तक ४० वर असेल तर अडीच. लोळून पाहिलेला मोबाईल २५ वर येतो, तिथे ४. त्याच स्क्रीनचा, त्याच निळ्या प्रकाशाचा डोळ्यावरचा भार नुसता हात लांब केल्याने निम्म्याच्या जवळ येतो. यासाठी मोबाईलवर अक्षरं दोन घरं मोठी करा. अक्षर बारीक असेल तर हात आपोआप जवळ येतो, कितीही ठरवलं तरी.

चाळिशी लागलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या डोळ्यातलं भिंग ताठर झालेलं असतं, तो जोर लावणंच जमत नाही. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत लांबचा, मधला आणि जवळचा नंबर असलेल्या चष्म्यात वाचायचा भाग अगदी खाली आणि मधल्या अंतराची पट्टी अरुंद असते. मॉनिटर डोळ्यांच्या रेषेत असला की हनुवटी वर करून त्या पट्टीतून पाहावं लागतं, आणि संध्याकाळी मान धरते. तक्रार डोळ्यांची वाटते, दुखणं चष्म्याच्या आखणीत असतं. दिवसाचे सहा-आठ तास मॉनिटरपुढे जात असतील तर वेगळा ऑफिस चष्मा करून घ्या, मधली पट्टी रुंद असलेला किंवा थेट स्क्रीनच्या अंतराचा एकेरी नंबर. तपासायला जाताना डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर टेपने मोजून न्या. "साधारण हातभर" सांगितलं की अर्ध्या नंबराचा घोळ झालाच समजा. हा चष्मा घालून गाडी चालवायची नाही.

एकेरी नंबरातही नेहमी चुकते ती पीडी, दोन बाहुल्यांमधलं अंतर. काचेचं केंद्र बाहुलीसमोर यायला हवं. नंबर उणे ४ असेल आणि दोन्ही काचांचं मिळून केंद्र ५ मिलिमीटरने सरकलं, तर २ प्रिझम डायॉप्टरचा (काच प्रतिमा बाजूला किती सरकवते त्याचं माप) खेच तयार होतो. डोळे तो दिवसभर सावरत बसतात आणि डोकं जड होतं. ऑनलाइन चष्मा मागवताना मोबाईलच्या कॅमेऱ्याने घेतलेली पीडी एकदा दुकानात ताडून घ्या. प्रोग्रेसिव्हसाठी तर प्रत्येक डोळ्याची पीडी वेगळी आणि फ्रेम चेहऱ्यावर बसवून घेतलेली उंची लागते. ती घेतली नसेल तर महाग काचही वाया.

चुरचुरणं, वाळू गेल्यासारखं टोचणं आणि मधेच धूसर होणं यांचा काचेशी संबंधच नाही. एरवी मिनिटाला १५ च्या आसपास मिटणाऱ्या पापण्या स्क्रीनसमोर पाच-सातवर येतात, त्याही अर्धवट मिटतात. अश्रूंचा थर सुकतो, अक्षर धूसर होतं, पापणी मिटली की परत स्पष्ट. पापणी मिटल्यावर स्पष्ट होणारी धूसरता बहुधा कोरडेपणाची, नंबराची नाही. पंखा किंवा एसीचा झोत चेहऱ्यावरून हलवा. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेच्या खाली आणा, म्हणजे पापणी खाली राहते आणि डोळा कमी उघडा पडतो. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद बघताना पापण्या पूर्ण मिटा, वरची खालच्या पापणीला टेकेपर्यंत. नाहीतर नुसतं खिडकीबाहेर टक लावून कोरडेपणा जात नाही. वंगणाचे थेंब, उदाहरणार्थ ०.५ टक्के कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोज, चालतात. ते दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या. लाल डोळा झटपट पांढरा करणारे थेंब मात्र टाळा. त्यांनी रक्तवाहिन्या तेवढ्यापुरत्या आकसतात आणि असर उतरला की लाली दामदुप्पट परतते.

मुलांच्या 'झिरो पॉवर ब्लू-कट'वर मत सरळ आहे: घेऊ नका. मुलांचा उणे नंबर वाढतो तो डोळ्याचा गोल लांबट झाल्याने, आणि त्यावर मोकळ्या उजेडाचा उपयोग दिसलेला आहे. चीनमध्ये ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्त बाहेर काढलं. तीन वर्षांत त्यांतल्या ३०.४ टक्के मुलांना उणे नंबर लागला, बाकीच्यांत ३९.५ टक्के. हा निकाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. काचेचे पैसे वाचवून रोज मैदानात पाठवणं स्वस्त पडतं, फक्त संध्याकाळी दिवे लागल्यावरचं खेळणं यात धरू नका. घरातला उजेड शे-पाचशे लक्स (उजेडाचं माप) असतो, बाहेर सावलीतही हजारांत जातो. नंबर लागलाच असेल तर चष्मा नंबर काढणाऱ्या मशिनमधून निघालेल्या कागदी पट्टीवरून बनवू नका. मुलं मशिनमध्ये बघताना डोळ्याला जोर लावतात आणि उणे नंबर फुगून येतो, म्हणून तो जोर सैल करणारे थेंब टाकून तपासणी हवी. काच पॉलीकार्बोनेटची घ्या, ती सहजी फुटत नाही.

झोपेसाठी ब्लू-कट घेणाऱ्यांसाठी एकच आकडा पुरे: शरीराचं घड्याळ चालवणाऱ्या, डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या (रेटिना) पेशी ४८० नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत जागरूक असतात. ४२० ला थांबणारी काच तिथवर पोचत नाही. मोबाईलचा पिवळा नाइट मोड फुकट आहे, पण रात्री साडेबाराला रील बघताना झोप रंगाने उडते की रीलने, हे ज्याचं त्याला ठाऊक असतं.

वेळ कमी करायची सोय फोनमध्येच आहे. अँड्रॉइडवर डिजिटल वेलबीइंगच्या डॅशबोर्डमध्ये ॲपपुढच्या घड्याळावर टायमर लावता येतो, मध्यरात्री तो पुन्हा शून्यावर येतो. तो काढून टाकायला चार टिचक्या पुरतात, हे त्याचं मोठं वैगुण्य. आयफोनच्या स्क्रीन टाइममध्ये पासकोड घरातल्या दुसऱ्या कोणाकडून टाकून घेतला तरच मर्यादा टिकते, नाहीतर 'इग्नोर लिमिट' हातापाशीच असतं. २०२३ पासून आयओएस १७ मध्ये 'स्क्रीन डिस्टन्स' आलं. फोन सुमारे ३० सेंटिमीटरच्या आत बराच वेळ राहिला की पडदाभर सूचना येते आणि लांब धरल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. चेहरा ओळखणारा कॅमेरा असलेल्या मॉडेलवरच ते चालतं. वर सांगितलेल्या अंतराच्या हिशेबाला धरून असलेली सोय हीच, आणि मुलांच्या हातात आयफोन जात असेल तर ती आधी सुरू करा.

दुकानातली 'फुकट डोळे तपासणी' काय आहे हेही माहीत असू द्या. ती नंबराची तपासणी आहे. काचबिंदूत कडेची नजर आधी जाते, समोरचं अक्षर शेवटपर्यंत वाचता येतं, त्यामुळे तक्त्यावर ६/६ येऊनही तो असू शकतो. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर होणारे बदलही सुरुवातीला काही जाणवू देत नाहीत. हे दोन्ही आजार स्क्रीनने होत नाहीत, आणि दृष्टी कायमची घेऊन जातात ते हे. चाळिशीत डोळ्यातला दाब आणि डोळ्याची नस तपासून घ्या. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा थेंब टाकून पडदा. त्या दिवशी काही तास धूसर दिसतं, उजेड खुपतो, तेव्हा दुचाकीने जाऊ नका. आणि डोळ्यापुढे अचानक काजवे चमकले, काळ्या ठिपक्यांचा पाऊस सुरू झाला किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं, तर चष्म्याच्या दुकानात नाही, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे.

एकंदरीत ब्लू-कट आणि एआर एकाच भावात मिळत असतील तर ब्लू-कटने बिघडत नाही, पिवळी झाक चालत असेल तर घ्या. जादा मोजायचे असतील तर ते एआरला, नाहीतर ऑफिस चष्म्याला. कोटिंग टिकतं की नाही हे वापरावर आहे. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर चष्मा राहिला की काच आणि कोटिंग कमी-जास्त प्रसरण पावतात आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात, त्या दुरुस्त होत नाहीत. सदऱ्याच्या टोकाने किंवा पदराने कोरडं पुसू नका, धूळच कानशीचं काम करते. आधी नळाचं गार पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब बोटाने फिरवा, धुवा, मग मऊ कापड.

चष्म्याचा ताबा घेताना समोर लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर, नंबर काढून दाखवायला सांगा आणि चिठ्ठीशी ताडा, सिलिंडरचा (तिरका नंबर) ॲक्सिस, म्हणजे कोनसुद्धा. काच ज्या कागदी पाकिटातून आली ते मागून घ्या. त्यावर कंपनी, इंडेक्स (काच प्रकाश किती वळवते तो आकडा), कोटिंग आणि नंबर छापलेला असतो. बिलात एक कंपनी आणि पाकिटावर दुसरी निघाली तर बोलायची वेळ तीच, काच फ्रेममध्ये बसून तुम्ही घरी गेल्यावर नाही.