नव्या नाटकाचा दुसरा प्रयोग: फोंड्यातील एका नाट्यसंस्थेचे हंगामी सभासदत्व

फोंडा शहरातील एक लहान, स्वतंत्र नाट्यसंस्था गेली काही वर्षे पावसाळी हंगामासाठी सभासद नोंदवते. एकदा वर्गणी भरली की सभासदाला चार मराठी नाटकांना प्रवेश मिळतो. त्यांपैकी दोन नाटके अगदी नवी, म्हणजे रंगमंचावर पूर्वी कधीच न आलेली असतात आणि उरलेली दोन मागील हंगामातील असून ती पुन्हा बांधून सादर केली जातात. सुटे तिकीट एका बऱ्यापैकी फिश थाळीच्या किमतीत मिळते आणि वर्गणी तीन तिकिटांच्या रकमेहून थोडी जास्त पडते, म्हणजे चौथे नाटक जवळपास फुकट. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण पुढे तिच्या उणिवाही लिहिल्या आहेत. तरी अंत्रुज महालात, म्हणजे फोंडा परिसरात, नियमित नाटक पाहणाऱ्या वाचकाला ती कोणती, हे दोन-तीन परिच्छेदांतच कळेल.

ही योजना बाहेरच्या वाचकाला किरकोळ वाटण्याची शक्यता आहे. पुण्या-मुंबईत तिकीट काढून नवे नाटक पाहणे यात नवल काहीच नाही, आणि मुंबईतील छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून जी प्रायोगिक चळवळ उभी राहिली तिने छोट्या जागेतील नाटकाची सवयही तिकडच्या प्रेक्षकाला लावली. गोव्यातील मराठी नाटकाचे अर्थकारण मुळातच वेगळ्या पायावर उभे आहे. येथे नाटक देवळाच्या मांडवात होते, जत्रेच्या किंवा वार्षिक उत्सवाच्या रात्री होते आणि ते विनामूल्य असते. गावातील हौशी मंडळी महिनाभर तालमी करतात, खर्च देणगीदारांच्या आणि जाहिरातींच्या पैशातून निघतो, स्त्री-भूमिकांसाठी बाहेरून मानधनावर अभिनेत्री बोलावल्या जातात, आणि पहाटेपर्यंत रंगलेले ते नाटक दुसऱ्या दिवशी पडद्यांसह गुंडाळले जाते. या परंपरेने गोव्याच्या खेडोपाडी नट घडवले आणि संगीत नाटकाचा जाणता श्रोता घडवला, हे निर्विवाद आहे. मात्र नाटकासाठी खिशात हात घालायचा असतो, ही सवय तिने लावली नाही. आणि उत्सवाच्या रात्री गर्दी हमखास जमवायची असल्याने निवडही बहुधा गाजून गेलेल्या जुन्या संहितेचीच होते.

नव्या संहितेला वाव मिळतो तो मुख्यतः गोव्याच्या कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत. ‘अ’ गटाच्या स्पर्धेचे दिवस फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात जवळून पाहिलेल्या कोणालाही ती काय ऊर्जा निर्माण करते हे सांगावे लागणार नाही. नेपथ्याने भरलेले टेम्पो मागच्या दाराशी उभे असतात, आदल्या नाटकाच्या लेव्हल्स (रंगमंचावरचे लाकडी चौथरे) निघेपर्यंत पुढच्या संचाची मंडळी विंगेत ताटकळत असतात आणि उपाहारगृहात परीक्षकांच्या चेहऱ्यावरून निकालाचे अंदाज बांधले जातात. तथापि स्पर्धेत एक नाटक एकदाच होते. निकाल लागतो, पारितोषिके वाटली जातात, आणि तीन महिने घासून उभे केलेले बरेचसे नवे नाटक त्या एका रात्रीनंतर संपते. दुसऱ्या प्रयोगासाठी सभागृहाचे भाडे, प्रकाशयोजनेचे साहित्य आणि टेम्पोचा खर्च कोण करणार, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. शेजारी तियात्राकडे पाहावे: १८९२ मध्ये मुंबईत सुरू झालेला हा कोकणी नाट्यप्रकार आजही तिकीट खिडकीवर चालतो, एकाच तियात्राचे प्रयोग गावोगावी होत राहतात आणि त्याचा प्रेक्षक पैसे मोजून येतो. त्याच भूमीत राहणारा मराठी नाटकाचा प्रेक्षक मात्र पासाची वाट पाहतो. या विसंगतीवर आपल्याकडे चर्चासत्रे पुष्कळ झाली असतील. उपाय करणारे थोडे.

प्रस्तुत संस्थेची वाढ या ठिकाणापासून मोजली पाहिजे. तीही स्पर्धेतूनच आलेली. आपल्या एका नाटकाला पारितोषिक मिळाले नाही तेव्हा ते मोडून न टाकता एका शाळेच्या सभागृहात पुन्हा करायचे, एवढाच सुरुवातीचा निर्णय होता आणि तिकीटही तेव्हा ऐच्छिक होते. पुढे जुन्या गोदामवजा इमारतीतील एक मोठी खोली भाड्याने मिळाली. तिथे शंभराच्या आतबाहेर माणसे तीन बाजूंनी बसतात, रंगमंच असा उंच चौथरा नाही, आणि नटाच्या श्वासाचा आवाज पहिल्या रांगेला ऐकू येतो. जागा आपली झाल्यावर नेपथ्य रोज उतरवण्याची गरज उरली नाही, प्रयोगांची संख्या वाढली आणि प्रयोगागणिक मानधन देणे शक्य झाले. ते सर्वांना सारखेच दिले जाते, प्रकाशयोजना सांभाळणाऱ्यालाही. रक्कम मोठी नसावी. पण शिक्षक, बँक कर्मचारी आणि सरकारी कारकून असलेल्या या मंडळींनी ती घेण्याची प्रथा पाडली, याला माझ्या लेखी फार महत्त्व आहे. फुकट काम करणाऱ्या नटाला तालमीला उशीर झाल्याबद्दल कोण जाब विचारणार?

पावसाळ्याची निवडही विचारपूर्वक केलेली दिसते. कार्तिकापासून शिगम्यापर्यंत फोंडा तालुक्यातील नट एका मांडवातून दुसऱ्या मांडवात धावत असतो. जून ते सप्टेंबर या काळात तो मोकळा असतो आणि प्रेक्षकही. या सोयीची किंमत छपरावर मोजावी लागते. इमारतीला पत्रे आहेत. आषाढातील सर जोरात आली की हळू आवाजातील प्रवेश अक्षरशः वाहून जातो. संस्थेने मध्यंतरी पत्र्याखाली आच्छादन घातले असून त्याने थोडा फरक पडला आहे, पुरेसा नाही. पंखे प्रयोगाच्या वेळी बंद ठेवले जातात, त्यामुळे उघडीप असलेल्या दिवशी दुसऱ्या अंकापर्यंत प्रेक्षक घामाघूम होतो. खुर्च्या प्लास्टिकच्या आहेत. ज्येष्ठ नागरिकांसाठी मागच्या रांगेत गाद्या ठेवलेल्या असतात, पण मागून दिसते कमी, तेव्हा ही सोय उलट्या जागी झाली आहे. एका बाबतीत मात्र संस्था सरकारी सभागृहांच्या पुष्कळ पुढे आहे: प्रयोग दिलेल्या वेळेला सुरू होतो. तिसरी घंटा होते आणि दार बंद होते. प्रमुख पाहुणे, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, आयोजकांचे मनोगत यांपैकी काहीही नाही, आणि एवढ्यासाठीसुद्धा वर्गणी भरावी असे मी म्हणेन.

आता नाटकांविषयी. या हंगामातील सर्वांत भक्कम नाटक खाणबंदीवरचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये गोव्यातील खाणकाम थांबवले, काही काळाने बंदी उठली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरल्यावर ते पुन्हा ठप्प झाले, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. नाटककाराने त्यातील न्यायालय, मंत्री, कंपनी आणि आंदोलन बाजूला ठेवून डिचोली भागातील दोन भावांची एक पडवी निवडली आहे, जिच्यासमोर कर्जावर घेतलेला ट्रक उभा आहे. ट्रक रंगमंचावर कधीच दिसत नाही. त्याचे हेडलाइट फक्त दोनदा भिंतीवर पडतात. धाकटा भाऊ बॅटरी उतरू नये म्हणून रोज संध्याकाळी इंजिन सुरू करतो, मोठा डिझेलचा हिशेब मांडतो आणि आई दोघांनाही जेवायला बोलावते, एवढ्याशा व्यवहारातून दोन तास ताण टिकवला जातो. खाणीमुळे शेत गेले त्याचे काय, ही बाजूही नाटक टाळत नाही. ती मोठ्या भावाच्या बायकोच्या तोंडी येते, आणि तिच्यापाशी नाटकातील सर्वांत कोरडा विनोदही आहे. शेवट थोडा लांबला आहे. ट्रक विकला जाणार हे समजल्यावर आणखी दोन प्रवेशांची गरज नव्हती.

दुसरे नवे नाटक वडिलोपार्जित घराच्या वाटणीचे. गोव्यातील वारसाहक्क पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या समान नागरी कायद्याच्या चौकटीतला, पत्नीचा अर्धा हिस्सा आणि मुलगा-मुलगी समान हे त्याचे सूत्र, आणि इन्व्हेंटरीची, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटण्याची न्यायालयीन, प्रक्रिया सुरू झाली की प्रत्येक वारसाला गाठणे आले. त्या वारसांपैकी एकाने लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला आणि इंग्लंडात स्विंडनला वास्तव्य केलेले. विषय इतका आपला आहे की प्रेक्षागृहात पहिल्या दहा मिनिटांतच कुजबूज सुरू होते. प्रत्येकाच्या घरात अशी एक फाईल असतेच. परंतु येथे नाटककार माहितीच्या मोहात पडला आहे. वकिलाचे पात्र कायदा समजावून सांगण्यासाठीच आणलेले आहे आणि पहिला अंक बराचसा त्याच्या स्वाधीन केलेला आहे. दुसऱ्या अंकात विधवा आई आपल्या अर्ध्या हिश्श्याचे काय करणार हे कोणालाच सांगत नाही, तिथून नाटक उभे राहते. पहिला अंक तिच्या मौनापासून सुरू केला असता तर?

दोन्ही नाटकांच्या संवादांविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे. घरात कोकणी बोलणारा, वर्तमानपत्र मराठीत वाचणारा आणि कीर्तन, भजन, नाटक मराठीतच ऐकणारा असा आपला प्रेक्षक आहे. त्याच्यासमोर डिचोलीचा ट्रकमालक सदाशिव पेठेतील मराठी बोलू लागला की नट कितीही चांगला असो, पात्र खोटे पडते. उत्सवी नाटकात हे खपून जाते, कारण तिथे राजे, सरदार आणि मुंबईचे बंगलेवाले असतात. या संस्थेच्या नाटककारांनी मराठीचा हेल, तिचे हेलकावे आणि वाक्याची ठेवण गोव्याची ठेवली आहे. आजी रागावली की सरळ कोकणीत शिरते आणि नातू उत्तर मराठीत देतो. कोणाला यात भाषेचा घोटाळा दिसेल. माझ्या कानाला मात्र हे घर ऐकल्यासारखे वाटले. फक्त तरुण पात्रांच्या तोंडची मराठी अजून पुस्तकी आहे. कॉलेजातली मुले ‘मला असे वाटते की’ अशी सुरुवात करून बोलत नाहीत.

पुन्हा सादर झालेल्या दोन नाटकांनी योजनेचे खरे मोल दाखवले. मागील हंगामात मध्येच ढेपाळणारे एक नाटक यंदा वीसेक मिनिटांनी लहान होऊन आले, एक पात्र पूर्णपणे गेले, आणि जे पूर्वी तीन पात्रे मिळून सांगत होती ते आता एका पात्राच्या गप्प राहण्यातून कळते. स्पर्धेच्या पद्धतीत ही संधी लेखकाला मिळतच नाही. दुसऱ्याबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. ते गेल्या वर्षीही सुबक होते आणि यंदाही आहे.

वाढीबरोबर येणारे दुखणेही यंदा दिसले. खाणबंदीच्या नाटकाला मागणी आली म्हणून त्याचा एक प्रयोग मोठ्या सभागृहात लावला गेला. गर्दी चांगली झाली, पण शंभर माणसांच्या खोलीसाठी बसवलेले नाटक चौकटीच्या रंगमंचावर हरवले. लेपल माईकमुळे आई आणि मुलगा एकाच ठिकाणाहून बोलल्यासारखे वाटत होते, भिंतीवर पडणारा हेडलाइट सायक्लोरामावर, म्हणजे मागच्या मोठ्या पडद्यावर, फिकट झाला, आणि ज्या शांततांनी गोदामात अंगावर काटा आणला त्या शांततांत येथे मोबाइल वाजले. संस्थेला मोठे व्हायचे असेल तर मोठ्या जागेसाठी नाटक वेगळे बसवावे लागेल. नाहीतर त्याच खोलीत प्रयोगांची संख्या वाढवणे अधिक शहाणपणाचे ठरेल. माझे मत दुसऱ्या मार्गाच्या बाजूने आहे, कारण सरकारी अनुदानावर आणि सभागृहांच्या तारखांवर अवलंबून न राहता जगण्याचे जे थोडके स्वातंत्र्य या मंडळींनी मिळवले आहे ते त्या खोलीमुळेच मिळालेले आहे.

काही गोष्टी मात्र ताबडतोब सुधारता येण्याजोग्या आहेत. जागा फोनवरून राखून ठेवावी लागते आणि फोन संध्याकाळीच उचलला जातो. सभासदांना आसनक्रमांक मिळत नाही, त्यामुळे वर्गणी भरलेला माणूसही अर्धा तास आधी येऊन रांगेत उभा राहतो. हंगामाच्या आधी होणारी संहितावाचने सभासदांना खुली आहेत, ही उत्तम गोष्ट. पण वाचनानंतरच्या चर्चेत तेच चार-पाच ज्येष्ठ बोलतात आणि नवा लेखक मान डोलावत राहतो. सूत्रधाराने तिथे थोडे कठोर व्हायला हरकत नाही. आणि दोन्ही नवी नाटके पुरुषांनी लिहिलेली असणे, तेही स्त्री-पात्रे इतकी सकस असताना, खटकते.

सभासदत्व कोणी घ्यावे? ज्यांना संगीत नाटक हवे आहे, किंवा मध्यंतरात बटाटेवडा आणि ओळखीच्यांशी गप्पा हा ज्यांच्या नाट्यानंदाचा भाग आहे, त्यांची येथे निराशा होईल. मध्यंतर दहा मिनिटांचे असते आणि चहा संपतो. ज्यांना आजच्या गोव्यावरचे नाटक पाहायचे आहे आणि ते पुढच्या वर्षी कसे बदलते हेही पाहण्याची उत्सुकता आहे, त्यांनी वर्गणी भरावी. शनिवारचा रात्रीचा प्रयोग सुटेपर्यंत बहुतेक मार्गांवरील बस बंद झालेल्या असतात, म्हणून ज्यांच्यापाशी स्वतःचे वाहन नाही त्यांनी नोंदणीच्या वेळीच रविवारचा दुपारचा प्रयोग मागून घ्यावा. आवार लहान असल्याने चारचाकी बाजाराच्या बाजूला ठेवून चालत यावे, आणि छत्री दाराबाहेरच्या बादलीत ठेवावी लागते, तेव्हा ओळखू येईल अशी आणावी.