घरी येऊन ‘फुकट पाणी तपासणी’ करणाऱ्यांपासून सावध राहा

इंदूरला आमच्या भागात ऐन दुपारी ‘पाणी तपासून देतो, पैसे नाहीत’ म्हणत दोघं जण दारात येतात. गळ्यात ओळखपत्र, हातात ब्रीफकेस. त्या वेळी घरात बहुधा वयस्कर माणसंच असतात, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. आमच्याकडे सासूबाई एकट्या होत्या. त्यांच्याकडून साडेबारा हजार रुपये घेऊन गेले आणि पाणी शुद्ध करायचं आरओचं मशीन भिंतीवर ठोकून गेले.

त्यांची सगळी मदार एका छोट्या यंत्रावर असते. एका ग्लासात आपल्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्यांनी बाटलीतून आणलेलं आरओचं. यंत्राच्या धातूच्या कांड्या दोन्हींत बुडवतात आणि बटण दाबतात. बघता बघता नळाचं पाणी हिरवट होतं, मग विटकरी. वर फेस, खाली गाळ. शेजारचा ग्लास नितळच. “माताजी, आप रोज़ यही पी रही हैं।” घरात लहान नातू असताना हे डोळ्यांनी पाहिल्यावर कुणाचाही धीर सुटेल.

तो गाळ म्हणजे निव्वळ गंज. कांड्यांमध्ये लोखंडाची कांडी असते. नळाच्या पाण्यात विरघळलेले क्षार असतात, त्यांच्यामुळे पाण्यातून वीज वाहते आणि लोखंड झिजून पाण्यात उतरतं. आरओच्या पाण्यात क्षार फारसे उरलेलेच नसतात. वीज नावापुरती वाहते, म्हणून ते पाणी तसंच राहतं. माझ्या भाच्याने आरओच्याच पाण्यात दोन लोखंडी खिळे सोडून नऊ व्होल्टची बॅटरी जोडली. काही झालं नाही. मग त्याने आपल्या स्वयंपाकघरातलं चिमूटभर मीठ टाकलं, आणि थोड्याच वेळात तेच ‘शुद्ध’ पाणी तपकिरी झालं! सासूबाई कितीतरी वेळ त्या ग्लासाकडे बघत होत्या.

खरे क्षार बघायचे असतील तर नळाचं पाणी स्टीलच्या वाटीत पूर्ण आटवा. तळाशी पांढुरका थर राहतो, तेच ते. कापडाने, कँडल फिल्टरने किंवा यूव्हीच्या दिव्याने ते निघत नाहीत. पाणी उकळलं तर जंतू मरतात, पण मीठ भांड्यातच राहतं. ते वेगळं करायला बहुधा एक तर वाफ थंड करून पाणी घ्यावं लागतं किंवा दाब देऊन मेम्ब्रेनमधून, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून, पाणी काढावं लागतं. दुसरी पद्धत म्हणजे आरओ. खाऱ्या बोअरिंगला ते उपयोगी आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

पण आमच्याकडे नर्मदेचं पाणी येतं. त्यांच्याच टीडीएस मीटरवर (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) आकडा लिटरला २८० मिलिग्रॅम आला होता, आणि तोही त्यांनी घाबरवायलाच वापरला. भारतीय मानकानुसार ५०० पर्यंतचं पाणी पिण्यायोग्य धरतात. शिवाय तो मीटर फक्त विरघळलेले क्षार सांगतो, जंतू नाही. नर्मदेकाठच्या जलूदहून एवढ्या लांबून, उपसून आणलेलं पाणी, आणि हे मशीन एक लिटर देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतं. मला याचा फार संताप येतो.

पावतीवरचा फोन बंद आहे. आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून मिळालेले नाहीत. तुमच्या दारात कोणी असं यंत्र घेऊन आलं तर त्यांच्याच बाटलीतल्या पाण्यात आपल्या घरचं मीठ टाकायला सांगा, आणि मग बटण दाबू द्या. आईवडील दुपारी एकटे असतील तर त्यांना आजच फोन करून हे सांगा.