गणपतीच्या रात्रीसाठी हाउजी की झब्बू?

चतुर्थीला गावच्या घरी वीस-पंचवीस माणसे जमतात आणि आरती, भजन, जेवण आटोपल्यावर एकच प्रश्न उरतो, तो म्हणजे आता सगळ्यांनी मिळून काय खेळायचे. आमचे घर देवगड तालुक्यात आहे. मुंबईहून येणारे चाकरमानी कणकवलीला उतरून संध्याकाळपर्यंत पोहोचतात, आणि सत्तरी ओलांडलेल्या आतेपासून तिसरीतल्या भाच्यापर्यंत सर्वांना एकत्र बसवायची जबाबदारी गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. या काळात हाउजी (पुकारलेले आकडे आपल्या तिकिटावर झाकत जाण्याचा खेळ) आणि झब्बू (रंगाचे पान नसले की दुसऱ्याला खालची पाने उचलायला लावण्याचा पत्त्यांचा खेळ, ज्यात शेवटी पाने उरतात तो हरतो) हे दोन्ही खेळ मी पुरेसे चालवले आहेत. ज्यांच्यापुढे यंदा हाच प्रश्न आहे, त्यांना माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

इतर दोन पर्याय लवकर बाजूला ठेवतो. गाण्याच्या भेंड्या आमच्याकडे अनेक वर्षे रंगल्या. परंतु प्रत्येकाच्या हातात मोबाइल आल्यापासून ‘ठ’ आला की कोणीतरी मान खाली घालतो आणि अर्ध्या मिनिटात एखादे अनोळखी गाणे म्हणू लागतो. मेंढीकोट हा माझ्या मते पत्त्यांतला सर्वांत देखणा खेळ आहे, पण तो चौघांचा. दुऱ्या काढून सहा जण बसले तरी उरलेल्या घराने काय करावे, हा प्रश्न राहतोच.

हाउजीची पहिली जमेची बाजू म्हणजे तिच्यात कोणीच बाहेर राहत नाही. स्वयंपाकघरात मोदकांची भांडी घासणारी वहिनीसुद्धा आपले तिकीट शेजारणीच्या हाती देऊन आतून कान देऊ शकते. खेळ सर्वस्वी नशिबाचा असल्यामुळे लहान-मोठा असा भेद उरत नाही. जल्दी पाच (कोणतेही पाच आकडे सर्वांत आधी लागणे), तीन ओळी, चार कोपरे आणि फुल हाउस (पूर्ण तिकीट) अशी बक्षिसे ठेवली की तासाभरात पाच-सहा जण तरी जिंकतात आणि घरभर उत्साह राहतो. देवासमोर पैसे लावणे आतेला मान्य नसल्याने आम्ही बक्षिसाला खोबऱ्याच्या वड्या ठेवतो, त्यावरही कोणाची तक्रार नाही. तिकिटावरच्या आकड्यांवर ठेवायला चिंचोके उत्तम. मात्र पंखा मोठा केला की तिकिटेच उडतात आणि चिंचोके पडवीभर होतात, हे आधीच सांगून ठेवतो.

तरीही हाउजीपासून माझे मन हळूहळू उडाले, आणि त्याचे कारण चिंचोके नव्हेत. कारण आहे आकडे पुकारणे. आमच्या पडवीवर आता पत्रे आहेत आणि भाद्रपदातला पाऊस त्यांवर कोसळू लागला की ‘सदुसष्ट’ आणि ‘अडुसष्ट’ यांतला फरक तिसऱ्या माणसापर्यंत पोहोचत नाही. आते दर दोन आकड्यांनी विचारते, “खयचो आकडो सांगलंस रे?” मी ओरडून सांगतो. तोवर मुंबईची इंग्रजी माध्यमातली मुले विचारतात, “म्हणजे किती, काका?” मग मी तोच आकडा ‘सिक्स सेव्हन’ असा पुन्हा सांगतो. तो ऐकून आतेला वाटते की नवीन आकडा निघाला, आणि ती ‘सहा’ शोधू लागते.

सर्वांत वाईट गत ‘एकोण’ने सुरू होणाऱ्या आकड्यांची होते. ‘एकोणऐंशी’ म्हटले की मुलांच्या कानाला शेवटचे ‘ऐंशी’ तेवढे लागते. तिकिटावर दर दशकाचा स्तंभ वेगळा असतो, म्हणून ती ऐंशीचा, म्हणजे शेवटचा स्तंभ चाळत बसतात, आणि आकडा असतो त्याच्या आधीच्या स्तंभात. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीने ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा राज्यभर उठलेल्या वादात मीही नाक मुरडणाऱ्यांतच होतो. हाउजी पुकारणारा माणूस मात्र त्या वादाकडे थोड्या नरमाईने पाहू लागतो, एवढेच म्हणेन. वीसेक तिकिटे असली तर फुल हाउस लागेपर्यंत आमच्याकडे सत्तरच्या आसपास आकडे निघतात. प्रत्येक आकडा दोनदा धरला तर सुमारे एकशेचाळीस आरोळ्या होतात, आणि त्या साऱ्या एकट्याने मारायच्या. पुकारणाऱ्याला स्वतःचे तिकीट नीट खेळता येत नाही, हे तर वेगळेच. गेल्या खेपेला एका चुलतभावाने फुल हाउस जाहीर केले आणि पडताळणीत असे निघाले की त्याने कापलेला एक आकडा मी उच्चारलाच नव्हता. तो आपण ऐकल्याचे शपथेवर सांगत होता आणि पत्र्यावरचा पाऊस पाहता मला त्याला खोटेही म्हणता येईना. ती रात्र थोडी कडवट झाली.

झब्बूमध्ये ही कटकट मुळातच उद्भवत नाही. पान सर्वांसमोर पडते आणि ज्याला ऐकू येत नाही त्यालाही दिसते. आकडे दहापर्यंतच जातात, त्यापुढे गुलाम, राणी, राजा आणि एक्का. तिसरीतल्या भाच्याला आणि आतेला हे सारखेच ठाऊक आहे. इस्पिकचा एक्का पडला की गोंधळ आपोआप सुरू होतो आणि तो चालू ठेवायला कोणा एकाला घसा कोरडा करावा लागत नाही. आतेने एखाद्या इंजिनिअर जावयाला ढीगभर पाने उचलायला लावली की जे हसू उसळते, ते हाउजीच्या बक्षिसाने कधी आले नाही, असे माझे तरी निरीक्षण आहे.

झब्बूच्या उणिवा मी झाकणार नाही. एका जोडात आठ जणांपलीकडे गेलात तर हाती पाच-सहाच पाने येतात आणि खेळ सुरू होताच संपतो. दोन जोड मिसळले तर दहा-बारा जण सहज बसतात, पण मग एकाच रंगाची दोन सारखी पाने येतात. त्यांत पहिले मोठे की नंतरचे, हे वाटप करण्यापूर्वीच ठरवून घ्यावे, अन्यथा भांडण अटळ आहे. आधी सुटलेले लोक इतरांच्या पानांत डोकावून लुडबुड करतात. शेवटी पाने हातात राहिलेले मूल रडवेले होते, म्हणून आम्ही दहा वर्षांखालच्यांना एखाद्या मोठ्याच्या जोडीने बसवतो. पंचवीस माणसांसाठी दोन गोल करावे लागतात आणि एका गोलातल्यांना दुसऱ्या गोलातले हसणे अधिक मजेचे वाटते, याला उपाय सापडलेला नाही.

त्यामुळे ज्यांच्याकडे तिशीच्या वर माणसे असतील, घरावर कौले किंवा स्लॅब असेल आणि पुकारायला खणखणीत आवाजाचे, स्वतः न खेळता समाधानी राहणारे कोणी असेल, त्यांनी हाउजीच निवडावी. तसे घर हाउजीसाठी आदर्श आहे. आमचे घर तसे नाही. पत्त्यांबाबत एकच सूचना करतो. कागदी पाने भाद्रपदाच्या दमटपणात दुसऱ्याच रात्री एकमेकांना चिकटतात, म्हणून दहा-वीस रुपये जास्त पडले तरी प्लास्टिकचीच घ्यावीत. यंदा मी तसले चार जोड आणून ठेवले आहेत. हाउजीचा डबा माळ्यावर आहे. कोणी मागितला तर काढून देईन, मात्र पुकारायला मागणाऱ्यानेच बसायचे, हे मी घरात आधीच सांगून टाकले आहे.